समोरच्याने टेबल ठोकलं

१

रविवार, दुपारचे सव्वातीन. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरची खोली. पूर्वी इथे टायपिंगचा क्लास चालायचा. टेबल एक, खुर्च्या पाच, माणसं चार. दाराला आतून कडी नव्हती.

कडी नव्हती, हे आधीच ठणकावून सांगायला हवं. कारण पुढे या प्रकरणावर ज्याने ज्याने तोंड उघडलं, त्याने पहिला प्रश्न हाच टाकला: दार उघडं होतं ना, मग हा गृहस्थ उठून चालता का झाला नाही? आपल्या घरी, आपल्या खुर्चीत बसून असले प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत. त्या खोलीत त्या वेळी ज्याला बसावं लागलं, त्याचं आधी ऐकून घ्या आणि मग काय ते बोला.

तो विमा कंपन्यांचा सर्व्हेअर. जळालेली गोदामं, पाणी शिरलेली तळघरं, चेपलेल्या गाड्या बघायच्या आणि खरोखर काय गेलं, गेल्याचं सोंग कशाचं आहे, हे ठरवायचं. उभं आयुष्य त्यात गेलेलं. समोर कुणी धाय मोकलून रडू लागलं की हा आधी त्याच्या बुटांना काजळी लागली आहे का ते बघायचा. आणि वाचलेली प्रत्येक वस्तू हातात घेऊन मनात तिची भंगार किंमत मांडायचा. बायको म्हणायची, "तुम्ही माझ्या माहेरच्या फोटोंनासुद्धा घसारा लावाल."

त्या दुपारी बायकोनेच त्याला पाठवलं होतं, तिच्या भावाला आणायला.

या भावाचं घरातलं नाव छोट्या. उंची दाराच्या चौकटीएवढी, वय चाळिशी ओलांडलेलं, पण लहानपणी चिकटलेलं नाव सुटलं नव्हतं. संसार मोडल्यापासून बहिणीकडेच राहायचा. मागचे काही महिने दर रविवारी पत्ते खेळायला जायचा आणि दर रविवारी थोडा कमी होऊन परत यायचा. कमी म्हणजे कसा, हे बायकोला नीट सांगता येत नव्हतं. आधी त्याने गाणं गुणगुणणं सोडलं, मग दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं. आणि आज तो खेळायला गेल्यावर बायकोने फोनवर घराची किल्ली मागितली, तर म्हणाला, लावली.

"लावली म्हणजे?"

"डावात लावली, ताई."

बायकोने सर्व्हेअरला निक्षून सांगितलं, "आज त्याला घेऊनच या. एकटे आलात तर मी दार उघडणार नाही."

२

खोलीत शिरल्यावर त्याने सवयीने सगळं नजरेखालून घातलं. भिंतीवर जुन्या टाइपरायटरच्या कळफलकाचा मोठा तक्ता, उन्हाने पिवळा पडलेला. जमिनीवर स्क्रूची भोकं रांगेने, जिथे कधीकाळी टेबलं ठोकलेली होती तिथे. त्यातलं एकच टेबल उरलेलं, जाड प्लायवूडचं. खिडकी होती, पण तिच्यातून हातभर अंतरावरची शेजारची भिंत दिसायची. खालच्या आवारात कुणीतरी गाडी मागे घ्यायला शिकत होतं. गाडीची किरकिरी धून वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची, आणि मास्तर ओरडायचा, "आरशात बघा, माझ्याकडे काय बघताय?"

टेबलाभोवती एक निवृत्त मुख्याध्यापिका, जिला सगळे नुसतंच बाई म्हणत. तिच्या डावीकडे शहरातला जुना नोटरी. उजवीकडे एक दातांचा डॉक्टर, मान खाली घालून बसलेला. दाराकडे पाठ करून छोट्या. आणि छोट्याच्या बरोबर समोर लाल रेक्झिनची एक खुर्ची, रिकामी. त्या खुर्चीपुढे दोन पत्ते पालथे वाटून ठेवले होते.

"चल रे," सर्व्हेअर म्हणाला. "तुझ्या ताईने माझी हकालपट्टी केली आहे, तुझ्यासकट परत घेईल म्हणते."

छोट्याने मागे वळून बघितलं. जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी तुटल्यामुळे काळ्या दोऱ्याने बांधलेली. हा चष्मा काढला तर छोट्या कपड्यांच्या स्टँडला पाहुणा समजून हात पुढे करायचा, असा प्रकार. भिंगांमागचे डोळे ओले होते.

"दाजी, बरं झालं आलात," तो म्हणाला. "एवढा डाव धरता? शेवटचंच पान आहे. मी घरी पुढे जातो."

"डाव कसला धरा? ठेव पत्ते आणि ऊठ."

"अर्धा डाव टाकता येत नाही इथे," बाई म्हणाली. वर्गात गडबड झाल्यावर आवाज उलट खाली आणायच्या तिच्या जुन्या पद्धतीने. "दुसऱ्याच्या हाती देता येतो. तो खुशीने बसला तर."

"बसतो हो," सर्व्हेअर म्हणाला. "त्यात काय एवढं. पोरगा घरी जाऊ दे आधी."

त्या खोलीतल्या तिघांनी हे शब्द ऐकले आणि एकानेही त्याला, अहो, जरा थांबा, असं म्हटलं नाही. तिघंही शिकलेली, मानाची, चार लोक ज्यांच्याकडे सल्ल्याला जातात अशी माणसं. हे त्यांनी कसं होऊ दिलं, ते त्यांनाच विचारायला हवं.

छोट्या इतक्या घाईने उठला की खुर्ची मागे पडली. चष्मा नाकावर सारखा करत तो बाहेर गेला. लोखंडी जिन्यावर त्याची पावलं वाजली, खाली खाली गेली. सर्व्हेअरने खुर्ची उचलली आणि बसला.

३

पोकर त्याला अगदीच नवा नव्हता. कॉलेजात खेळला होता. प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच. ते पाच एकदम उघडत नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचं. प्रत्येक वेळी ज्याची पाळी असेल त्याने काही लावायचं किंवा काही न लावता चेक म्हणायचं. कुणी लावलं की पुढच्याने तेवढं लावायचं, वाढवायचं किंवा पॅक करून पत्ते टाकायचे. शेवटचं पान उघडल्यावर कुणी काही लावलं नाही, तर शो. पत्ते उलटायचे, ज्याचे भारी त्याचा डाव.

इथे पैसे चालत नव्हते. खिशातली, अंगावरची वस्तू लावायची. मधे वस्तूंचा ढीग होता: नोटरीचा रबरी शिक्का, डॉक्टरचा तोंडात घालायचा छोटा आरसा, बाईची पितळी शिट्टी. आणि सर्व्हेअरच्या स्वतःच्या घराची किल्ली.

बाई, नोटरी आणि डॉक्टर आधीच पॅक झाले होते. त्यांचे पत्ते बाजूला पडले होते. उरला छोट्याचा डाव, म्हणजे आता सर्व्हेअरचा.

त्याने दोन पत्ते कडेने वाकवून बघितले. इस्पिकची राणी, किलवरचा गुलाम. मधली पानं चार: बदामची राणी, दोन नव्व्या, इस्पिकची सत्ती. बाईने शेवटचं पान उघडलं. बदामची तिर्री, कुणाच्याच कामाची नाही.

दोन राण्या, दोन नव्व्या. डाव चांगला, पण छाती ठोकून सांगावं इतका नाही.

"पाळी कुणाची?" त्याने विचारलं.

टक टक.

बोटांच्या सांध्यांनी प्लायवूडवर दोनदा हलकेच ठोकावं, तसा आवाज. चेकची खूण. पत्ते खेळणारे तोंडाने बोलत नाहीत, टेबल ठोकतात.

"त्याने चेक केलं," नोटरी म्हणाला. "आता तुम्ही."

सर्व्हेअरने तिघांचे हात बघितले. बाईचे मांडीवर. नोटरीचे छातीवर बांधलेले. डॉक्टरचे हनुवटीखाली. समोर लाल खुर्ची, रिकामी.

४

त्याला हसू आलं, खरं सांगायचं तर. वयस्कर मंडळी, दुपार रिकामी, नवा माणूस हाती लागला. करा गंमत.

तो वाकला आणि टेबलाखाली बघितलं. बाईच्या चपला, नोटरीचे पॉलिश केलेले बूट, डॉक्टरचे सँडल. दोरा नाही, तार नाही, खिळा नाही. जमिनीतून पाइप जात असेल म्हणून त्याने हात लावून बघितलं, फरशी थंडगार. खालच्या गाडीचा हादरा म्हणावा, तर गाडी मघापासून बंद पडलेली आणि मास्तर शिकणाऱ्याला चाकाचं शास्त्र समजावत होता.

वर येताना त्याची नजर समोरच्या खुर्चीच्या गादीवर गेली. रेक्झिन मधोमध खोल दबलेलं होतं. जुन्या गाद्या दबतातच. स्पंज मरतो. त्याने असल्या शेकडो खुर्च्या भंगारात लिहिल्या होत्या.

"कोण बसतं इथे?" त्याने विचारलं.

"समोरचा," नोटरी म्हणाला.

"नाव असेल ना काही."

"तुम्ही त्याच्यासमोर बसलात, म्हणून तो समोरचा. मी तिकडे बसलो असतो तर माझ्यासमोरचा." नोटरी आपल्याच बोलण्यावर हसला, पण हसणं अर्ध्यात सोडलं. "चेहरा बघा त्याचा. काही वाचता येतंय का? आम्हाला तर जमत नाही बुवा."

"मला खुर्ची दिसतेय."

यावर पहिल्यांदाच डॉक्टरने मान वर केली. गोरा, मऊ चेहऱ्याचा माणूस, डोळ्यांखाली काळं.

"तुम्हालाही?" तो म्हणाला.

"डॉक्टर," बाई म्हणाली.

डॉक्टरने पुन्हा मान खाली घातली. त्याच्या डाव्या हाताच्या बोटावर अंगठी घालून घालून पडलेला पांढरा वळ होता, अंगठी नव्हती. त्या वळावर तो अंगठा फिरवत राहिला.

"घरी कसे आहेत सगळे?" सर्व्हेअरने त्याला उगाचच विचारलं. खोलीतली शांतता मोडायची होती.

"बायको बरी आहे," डॉक्टर म्हणाला. "सगळे सांगतात, बरी आहे."

५

आता मात्र सर्व्हेअर चिडला. पत्ते पालथे ठेवले, दोन्ही तळहात टेबलावर टेकले आणि उठायला लागला.

"उठा की," बाई म्हणाली. "कुणी धरलं नाही तुम्हाला. फक्त डाव मग मागच्याकडे परत जाईल."

"मागच्याकडे?"

"तुमच्या मेहुण्याकडे. तुम्ही टाकलात, तर तो त्याचाच. मग त्याला यावं लागेल."

"यावं लागेल म्हणजे? कोण आणणार त्याला?"

नोटरीने शेजारच्या भिंतीकडे बघत चष्मा पुसायला घेतला. खालून मास्तरचा आवाज आला, "ब्रेक, ब्रेक दाबा, अहो तो ब्रेक नाही."

वेडगळपणा आहे हा, सर्व्हेअरच्या मनात आलं. सरळ जावं, घरी छोट्या बसलेला असेल, दोघं मिळून हसू. पण हेही मनात आलं, की मेहुण्याचे डोळे ओले होते. चाळिशीतला सहा फुटी माणूस डाव दुसऱ्याच्या हाती देताना रडतो, त्याला काहीतरी माहीत असतं. आपण उठलो आणि तो आत्ता, या मिनिटाला, अर्ध्या रस्त्यातून मागे फिरला तर?

ज्यांना दाराची नसलेली कडीच तेवढी दिसते, त्यांनी हे लक्षात घ्यावं. माणूस कडीनेच कोंडला जातो असं नाही.

तो पुन्हा बसला.

"बरं," तो म्हणाला. "मी पॅक. हे घ्या पत्ते, किल्ली ठेवा तुमच्याकडे, कुलूप बदलून घेईन."

"चेकवर पॅक नसतं," बाई म्हणाली. "त्याने काही लावलंच नाही, तर तुम्ही कशाला घाबरून टाकताय? चेक तरी करा, नाहीतर लावा."

"चेक केलं तर?"

"शो."

"आणि हरलो तर?"

"हरलेल्याला पुढचा डाव खेळावा लागतो. भरपाई नको का करायला?"

"जिंकलो तर?"

"जिंकलेला कधी उठतो का हो?" नोटरी म्हणाला. "तुम्ही बघितलाय कुठे?"

"मग उठतं कोण?"

"पॅक झालेला," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला. "त्या दिवसापुरता. कुणीतरी लावलं आणि आपण टाकलं, तरच."

"मग तुम्ही तिघं पॅक झालात ना. इथे काय करताय?"

"आम्ही कुठे जाणार?" बाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच साधा, थकलेला आला. "घरी?"

६

पंखा फिरत होता, पण वारा टेबलापर्यंत येत नव्हता. सर्व्हेअरने विचार करायला घेतला. विचार करणं हा त्याचा धंदा होता, आणि खोटं पकडताना भीती वाटत नाही, याचा त्याला अनुभव होता.

चेक केलं तर शो. पत्ते उलटले की तो जिंकणार किंवा हरणार, आणि दोन्हींत बसून राहणार. शिवाय शो म्हणजे समोरचेही पत्ते उलटणार. ते कोण उलटणार? प्रत्येकाने आपले आपण उलटायचे, हा सगळीकडचाच नियम. ती पालथी दोन पानं आपोआप उचलली जाताना बघण्याच्या कल्पनेने त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि त्या केसांचा त्याला रागही आला.

म्हणजे लावायचं. पण लावून काय? समोरच्याने पॅक केलं, तर हा जिंकला, बसला. समोरच्याने तेवढंच लावलं, तर शो, बसला. सुटकेची वाट एकच. समोरच्याने वाढवायला हवं. वाढवलं की याने पत्ते टाकायचे, उठायचं, जिना उतरायचा.

"तो वाढवतो का कधी?" त्याने विचारलं.

"मी तर त्याला नुसतं ठोकतानाच बघितलंय," नोटरी म्हणाला. "त्याला घाई नसते."

शेवटच्या पानावर चेक करणारे दोन जातीचे असतात. एकाकडे काही नसतं आणि त्याला फुकटात शो हवा असतो. दुसऱ्याकडे सगळं असतं, आणि आपण हात पुढे करावा म्हणून तो गप्प बसतो. समोरचा कुठला? तिसरी नव्वी असेल तर दुसऱ्या जातीचा. आणि दुसऱ्या जातीच्याला वाढवायला लावायचं, तर मोठी वस्तू लावून चालणार नाही. मोठ्या वस्तूने तो सावध होईल. अशी लावायची की तिला भीतीचा वास यावा, लावणाऱ्याचं काही खरं नाही असं वाटावं.

त्याने खिसे चाचपले. मोबाइल नको. पाकिटात बायकोचा फोटो, नको. मोजपट्टी ऑफिसात राहिलेली. वरच्या खिशात छोटी टॉर्च होती, जळक्या दुकानांत आत बघायला वापरायची ती. काच तडकलेली, बटण नखाने दाबावं लागायचं. भंगार किंमत शून्य.

त्याने टॉर्च ढिगात सरकवली.

"लावली," तो म्हणाला.

७

काही झालं नाही.

बराच वेळ काही झालं नाही. तिघं समोरच्या खुर्चीकडे बघत होती, उत्तराची वाट बघणाऱ्या माणसांसारखी, आणि त्यांच्या नजरा एका जागी, एका उंचीवर खिळलेल्या होत्या. सर्व्हेअरने ती उंची टिपली. साधारण उंचीच्या माणसाचा चेहरा असेल तिथे. त्याने तिथे बघितलं. मागच्या भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं दिसली, बस.

मग डॉक्टरची बुबुळं हलली. सावकाश खाली आली, ढिगाकडे. नोटरीचीही.

त्याच क्षणी खाली धाडकन आवाज झाला. गाडी मागे येऊन कशावर तरी आदळली आणि मास्तर ओरडला. सर्व्हेअरने नकळत खिडकीकडे बघितलं. क्षणभरच. खिडकीत शेजारची भिंत.

नजर परत आणली तेव्हा टॉर्चच्या शेजारी एक चष्मा होता.

जाड भिंगं. एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. भिंगांवर आतल्या बाजूने ओल धरलेली, नुकत्याच काढलेल्या चष्म्यावर असते तशी. ती सर्व्हेअरच्या डोळ्यांदेखत कडेकडून वाळत गेली.

"वाढवलं," नोटरी म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "पहिल्यांदाच."

"हा त्याचा चष्मा आहे," सर्व्हेअर म्हणाला. "हा घालून गेला तो. मी बघितलं."

त्याने तिघांच्या हातांकडे बघितलं.

"कुणी उचलला? तुमच्यापैकी कुणी उचलला?"

"हात तर बघताय आमचे," बाई म्हणाली. "आता तुमची पाळी. टाका, नाहीतर तेवढंच लावा आणि शो घ्या."

हवं होतं तेच झालं होतं. दार उघडलं होतं. फक्त दाराच्या उंबऱ्यावर हा चष्मा ठेवलेला होता.

शो घेतला तर कदाचित जिंकू. दोन राण्या, दोन नव्व्या. चष्मा परत, किल्ली परत. पण मग तो या खुर्चीत, पुढचा डाव, त्याच्या पुढचा. आणि हरलो तर चष्माही गेला आणि आपणही. त्याने श्वास धरून धंद्याचा हिशेब केला. वस्तू काय आहे? जुना चष्मा, एक काडी मोडकी. छोट्या कुठेतरी जिन्यावर धडपडला असेल, चष्मा पडला असेल, यांच्यातल्या कुणीतरी आधीच लपवलेला दुसरा तसाच चष्मा असेल. शंभर शक्यता. माणूस घरी पोचला असेल, आणि माणसाला नवा चष्मा करता येतो. जुन्या चष्म्याची किंमत त्याने मांडली. शून्य.

आयुष्यभर त्याने हेच केलं होतं आणि कधी चुकला नव्हता.

"पॅक," तो म्हणाला आणि पत्ते टाकले.

डॉक्टरने डोळे मिटून घेतले.

सर्व्हेअर उठला. दाराशी पोचला तेव्हा मागे बारीक आवाज झाला, हवा आत ओढल्यासारखा. त्याने मान वळवली. समोरच्या खुर्चीची लाल गादी, मधोमध खोल दबलेली, सावकाश वर येत होती. वर बसलेला माणूस उठला की फुगते तशी.

८

तो लोखंडी जिना एकटा उतरला. पावलं एकट्याचीच वाजली. त्याने मोजून नाही, पण कान देऊन ऐकलं. खाली चेपलेल्या बंपरशी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर उभा होता. त्याने सर्व्हेअरसाठी फाटक उघडून धरलं. सर्व्हेअर बाहेर पडला, तरी मास्तरने ते लगेच सोडलं नाही. थोडं थांबून, मान किंचित वाकवून, मग सोडलं.

घरची बेल वाजवली. बायकोने दार उघडलं, आणि तिचा चेहरा सैल पडला.

"आणलंत एकदाचं," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरून मागे बघत, "आणि तू काय रे, लहान मुलासारखा मागे लपतोयस? ये आत. चष्मा कुठे घालवलास?"

सर्व्हेअरने वळून बघितलं. बूट ठेवायची फळी, पायपुसणं, समोरच्यांचं बंद दार.

बायको दार धरून बाजूला झाली. वाट दिली. मग दार लावलं.

आपल्यावर राग काढतेय, असं त्याने पहिले दोन दिवस धरलं. जेवताना ती तिसरं ताट वाढायची आणि खुर्चीशी बोलायची. मग शेजारीण साखर मागायला आली आणि त्याच खुर्चीला म्हणाली, "काय, आता तब्येत सुधारली हं तुमची." मग सासूचा फोन आला. छोट्याशी बोलून किती बरं वाटलं, म्हणाली. पूर्वीसारखा गात होता.

सर्व्हेअर पोलीस स्टेशनात गेला. मेहुणा हरवला आहे, तक्रार घ्या, म्हणाला. ड्यूटीवरच्या फौजदाराने वर्णन विचारलं. याने सांगितलं: उंच, चाळिशीचा, जाड चष्मा. फौजदार लिहिता लिहिता थांबला आणि याच्या शेजारच्या बाकाकडे बघू लागला.

"आणि हे कोण?"

"कोण?"

"हे, तुमच्याबरोबर आलेत ते. चष्मा नाही, बाकी वर्णन यांचंच दिसतंय." मग बाकाकडे वळून, "काय हो, तुम्ही हरवलात का?"

फौजदाराला काहीतरी उत्तर मिळालं असावं, कारण तो मनापासून हसला. खोलीतले बाकीचेही हसले.

"साहेब, मला तिथे कुणी दिसत नाही," सर्व्हेअर म्हणाला.

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. इथे कशाला आलात?"

तक्रार घेतली गेली नाही. वरच्या खोलीत जाऊन कुणी बघितलं नाही, त्या तिघांना कुणी एक प्रश्न विचारला नाही. माणूस नजरेसमोर आहे म्हटल्यावर तो हरवला कसा, हा त्यांचा सवाल, आणि त्यावर सगळे खूश. ज्या एकाला तो दिसत नाही, त्याचं म्हणणं लिहून घ्यायला कुणाचाही पेन पुढे आला नाही.

सर्व्हेअरने मग आपलं काम आपणच केलं. पुढच्या रविवारी सव्वातीनला तो पुन्हा वर गेला. बाई, नोटरी, डॉक्टर, तिघं बसली होती.

"छोट्या कुठे आहे?" त्याने विचारलं.

"हा काय," बाई म्हणाली आणि दाराकडे पाठ असलेली खुर्ची दाखवली. "त्या दिवशी तुम्ही गेलात, तेव्हापासून उठलेलाच नाही. तुमच्याकडे बघतोय. जरा जवळ जा, त्याला लांबचं दिसत नाही."

त्याने तिथूनच बायकोला फोन लावला.

"छोट्या कुठे आहे?"

"माझ्यासमोर. भाजी निवडतोय. का हो?"

तो खुर्चीजवळ गेला आणि तिच्यावर हात फिरवला. मग जिना उतरला, रिक्षा केली, घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, बायको ओरडत असताना, हात फिरवला. हे दोन्ही त्याने त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी केलं आहे आणि जो विचारेल त्याला तो हेच सांगतो.

दोन्ही खुर्च्या रिकाम्या असतात. दोन्ही गरम असतात.